बहुधा सर ओळख पटवतात

सर तत्त्वज्ञान शिकवायचे. खात्री नसेल तर मत देऊ नये, आणि खात्री कशाचीच नसते, एवढंच त्यांनी बत्तीस वर्षं शिकवलं. ‘आज तास आहे का?’ या प्रश्नालाही ‘बहुधा’ असंच उत्तर मिळे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव बहुधा सर ठेवलं. लग्नाला होकार द्यायला त्यांनी इतका वेळ लावला, की मुलीचं दुसरीकडे ठरलं. ते मात्र नक्की ठरलं.

सहा दिवसांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ घरातून निघून गेला, तो परतला नाही. आज सकाळी नदीत प्रेत सापडल्याचा निरोप आला आणि वहिनी सरांना घेऊन शवागारात आली. ती बाहेरच्या बाकावर बसली.

“माझ्याच्याने आत यायचं होणार नाही. भाऊजी, तुम्ही सांगाल ते मी मानेन.”

आत कारकुनाने चादर दूर केली. पाण्याने चेहऱ्याचं काही ठेवलं नव्हतं. सरांना हायसं वाटलं.

“ओळखलंत?”

“चेहऱ्यावरून काही ठरत नाही.”

“शर्ट बघा मग.”

“असे शर्ट शेकड्याने विकले जातात.”

“घड्याळ?”

“घड्याळ काय, कुणीही कुणाचंही घालतं.”

कारकून वैतागला. “अहो साहेब, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत. तिसरा हवा असेल तर वर अर्ज करा.”

“पाय दाखवा,” सर म्हणाले.

डाव्या पायाचं करंगळीचं बोट शेजारच्या बोटावर आडवं चढलेलं होतं. लहानपणी सरांच्या हातून त्यावर इस्त्री पडली होती. दादाने आईला सांगितलं, माझ्याच हातून पडली.

सरांनी आयुष्यभराची हत्यारं बाहेर काढली. असं बोट आणखी कुणाचं असू शकतं. आठवण दगा देते. डोळे फसतात. आपण झोपेतही असू. शंका सगळ्या रास्त होत्या, वर्गात त्यांनी भल्याभल्यांना गप्प केलं होतं. पण आज सरांना त्यातली एकही येत नव्हती.

त्यांनी ‘हो’च्या चौकोनात खूण केली.

बाहेर वहिनी उठून उभी राहिली.

“दादाच आहे, वहिनी.”

“नीट पाहिलंत?”

“पाहिलं.”

ती हळूच खाली बसली. “शेजारचे येतो म्हणत होते हो. पण ते पटकन हो म्हणाले असते. म्हटलं भाऊजींना नेऊ. काही झालं तरी ते हो म्हणायचे नाहीत.”

कारकून फॉर्म घेऊन दारात आला. “पत्नीची सही राहिली.”

वहिनीने हात पुढे केला. सरांनी खिशातलं पेन दिलं. टोपण काढायचं सोडून ती ते नुसतं धरून बसली, आणि लवकर करा असं कारकुनालाही म्हणवेना.