इंजिनात शिरलेली हवा

निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, गुडघ्यांची काळजी करतात. मोठ्या साहेबांनी जुनी बोट घेतली. विमा कंपनीत त्यांचा सगळा जन्म दुसऱ्यांनी केलेल्या कामाखाली सही करण्यात गेला होता, त्यामुळे आता एखादं काम आपल्या हातानं करावं, अशी त्यांना फार हौस होती. धक्क्यावरची मंडळी पाठीमागे त्यांना 'दर्यासारंग' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांना तो गौरवच वाटला.

मुलीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच मुक्कामाला येणार होते, आणि रविवारी त्यांना बोटीतून समोरच्या बेटापर्यंत न्यायचं ठरलं होतं. नेमका त्याच वेळी मेकॅनिक म्हणाला, "साहेब, डिझेलचे फिल्टर तुंबलेत. बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. मी गावाहून आलो की बदलून देतो."

"त्याला तू कशाला हवास?" साहेब म्हणाले. "जुना डबा काढायचा, नवा लावायचा. एवढंच ना?"

"एवढंच," मेकॅनिक म्हणाला आणि गावाला गेला.

शनिवारी साहेब फळ्या उचलून इंजिनाच्या खबदाडात उतरले. टाकीचा कॉक बंद केला, खाली घमेलं ठेवलं आणि पट्ट्याच्या पान्यानं पहिला फिल्टर फिरवला. टाकीतलं पाणी आणि गाळ अडवणारा तो डबा हट्टी सुनेसारखा हलेना. हलला तेव्हा अर्धं डिझेल घमेल्यात आणि अर्धं साहेबांच्या बाहीत गेलं. नव्या डब्याच्या रबरी रिंगेला त्यांनी डिझेलचं बोट फिरवलं आणि तो हातानं घट्ट बसवला. इंजिनावरचा दुसरा फिल्टरही बदलला. मग कॉक उघडला, हातपंप मारून नळीतली हवा काढली, चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. साहेबांनी ते जागच्या जागी थोडा वेळ चालू ठेवलं. आपलंच अपत्य पहिल्यांदा बोललं, अशा कौतुकानं ते ऐकत राहिले.

घरी आल्यावर ते मुद्दाम अंघोळीला गेले नाहीत.

"अहो, आधी अंगावर पाणी घ्या," बायको म्हणाली. "घरभर वास सुटलाय."

"वास नाही तो. अनुभव आहे."

रविवारी धक्क्यावर निम्मा वेळ बोटीत आधी कोणी चढायचं यातच गेला. "आपण आधी." "छे छे, मान आपला." शेवटी दोघांच्या बायका चढून बसल्या, तेव्हा हा प्रश्न सुटला. व्याही पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलण्यात लोण्याहून मऊ अदब. साहेबांनी सुकाणू धरलं आणि धक्का मागे पडायच्या आत फिल्टरवर व्याख्यान सुरू केलं.

"हे काम कोणाच्याही हाती द्यायचं नसतं. हाताला समज लागते."

"आपल्या हाताला आहेच," व्याही म्हणाले.

बोट खाडीच्या मध्यावर आली. साहेबांनी वेग वाढवला. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प झालं.

एकदम इतकी शांतता पसरली, की विहीणबाईंच्या थर्मासातून कपात पडणारा चहा स्पष्ट ऐकू आला.

"हवा धरली असावी," व्याही अगदी हळू म्हणाले. "म्हणजे, असं आपलं मला वाटतं. आपण जाणकार."

"छे, पंपांमध्ये जन्म काढलाय आपण. आपणच सांगावं."

"बोट आपली. आपल्या इंजिनाला मी हात लावणं बरं दिसत नाही."

ही अदब चालू असताना बोट संथपणे खडकांकडे सरकत होती. साहेबांच्या बायकोनं ते पाहिलं, पदर खोचला आणि विहीणबाईंच्या मदतीनं नांगर पाण्यात सोडला.

"मेकॅनिकला फोन लावू का?" तिनं विचारलं.

चारचौघांत अपमान व्हावा तसं साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते तडक फळ्या उचलून खाली उतरले. पाठोपाठ, मान-पान विसरून, व्याहीही उतरले. खबदाडात जागा एका माणसाची. त्यात दोन पोटं, दोन टकलं आणि एक तापलेलं इंजिन. साहेबांनी हवा सोडायचा स्क्रू सैल केला, व्याह्यांनी हातपंप मारला. फेस आला, बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं. इंजिन सुरू झालं. वर बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत इंजिनही थांबलं.

"पुन्हा मारा," साहेब म्हणाले.

"मारून काय होणार? कुठून तरी हवा आत ओढतंय ते!"

"मी सगळं घट्ट केलंय!"

"घट्ट केलंय तर हवा काय आभाळातून पडली? कोपर काढ माझ्या बरगडीतून!"

हे 'काढ' ऐकून वर विहीणबाईंनी कप खाली ठेवला. खाली मात्र कोणाचं लक्षच नव्हतं.

"पहिला डबा खोल," व्याह्यांनी फर्मावलं.

"खोलतोय. तू घमेलं धर!"

साहेबांनी डबा उतरवला. त्याची रिंग जागच्या जागी होती. मग त्यांनी डबा जिथं टेकतो त्या वरच्या बैठकीवरून बोट फिरवलं आणि ते बोट तिथंच थांबलं. तिथं आणखी एक रिंग होती. काळी, चपटी झालेली, जुनी. काल डबा काढताना ती वरच चिकटून राहिली होती, आणि साहेबांनी तिच्यावरच नवा डबा चढवला होता. दोन रिंगांमधल्या फटीतून, इंजिन जोरात ओढू लागलं की हवा आत शिरत होती.

त्यांनी ती नखानं सोडवली आणि मुठीत दाबली. कान गरम झाले. उभ्या जन्मात त्यांनी असंख्य लोकांच्या चुकांभोवती लाल शाईनं गोल काढले होते. आता वर जाऊन काय सांगायचं, ते सुचेना. त्यांनी हळूच मान वळवली. व्याही त्यांच्या मुठीकडेच पाहत होते.

व्याह्यांनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं, त्याबरोबर कपाळ आणि बाही दोन्ही काळी झाली. डबा नीट बसला, हवा निघाली, इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

"काय झालं होतं हो?" विहीणबाईंनी वरून विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं. पण त्यांनी काही बोलायच्या आधीच व्याही म्हणाले, "काही नाही, रिंगच सदोष आली होती. हल्लीचा माल असाच. यांच्या लक्षात आलं म्हणून बरं."

साहेबांचे डोळे भरून आले. डिझेलच्या वाफेनं, असं त्यांनी सांगितलं.

पण उपकाराचं ओझं जड असतं. त्या दुपारी बेटावर व्याही म्हणाले, बोट उलट्या बाजूनं लावा, साहेबांनी लावली. व्याही म्हणाले, सुकाणू जरा मी धरतो, साहेबांनी दिलं. जेवताना व्याह्यांनी पाणीपुरवठ्यातल्या पंपांचा समग्र इतिहास सांगितला आणि साहेब जिथं तिथं "अगदी बरोबर" म्हणत राहिले. इतका गरीब नवरा बायकोनं लग्नानंतर प्रथमच पाहिला.

पुढच्या रविवारी सकाळीच दारात व्याही उभे. अंगात मेकॅनिक घालतात तशी नवीकोरी निळी डांगरी, बगलेत दोन नवे फिल्टर.

"अहो, परवाच तर बदलले," साहेब कसेबसे म्हणाले. "चांगले महिनोन् महिने चालतील."

"तरी बदलू. सराव राहतो. चल, आज तू घमेलं धर."

साहेबांनी आत बायकोकडे पाहिलं. तिनं त्यांचे जुने कपडे आधीच काढून ठेवले होते. दोघं धक्क्यावर गेले आणि चांगले, धडधाकट फिल्टर काढून नवे बसवत बसले. गावाहून परतलेला मेकॅनिक फळीच्या कडेला उभा राहून ते पाहत होता.

"काय बिघडलंय, साहेब?"

"काही नाही," खालून दोन आवाज एकदम आले. "तू जा."