शेवटच्या बाकावरचा प्याला

सुगंधाने पदर कमरेला खोचला आणि प्रभुभोजनात द्राक्षरस द्यायचे इवले काचेचे प्याले गरम पाण्यात सोडले. चर्चच्या मागच्या मोरीत ती दर महिन्याला हेच करी. मंडळीत गाणाऱ्याचं नाव होतं, बोलणाऱ्याचं तर होतंच. मोरीला कुठलं आलंय नाव!

मंडळीचा तरुण सेक्रेटरी सुयोग दारातून डोकावला.

"मावशी, गुड न्यूज! पुढच्या महिन्यापासून कागदी कप. वापरा नि फेका. सुटलात तुम्ही."

"राहू दे ना रे. मला होतंय अजून."

"अहो, पण इथे मागे बघतं कोण तुम्हाला?"

पोरगं मनाने चांगलं होतं, तरी बोलणं जिव्हारी लागलं. कुणी बघावं म्हणून तिने कधी केलंच नव्हतं. तिचा जीव अडकला होता एका प्याल्यात. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसणारे शिवदास तो ओठांपर्यंत नेत आणि भरलेला तसाच ठेवून देत. आईच्या मातीलाही त्यांनी सख्ख्या भावाला कळवलं नव्हतं. मनात अशी अढी ठेवून प्रभूच्या मेजाला शिवायचं कसं? शेवटचं आमेन झालं तरी ते मान खाली घालून बसून राहत. तो प्याला सुगंधा सगळ्यात शेवटी उचली, बाहेरच्या जास्वंदीच्या मुळाशी गुपचूप ओती आणि दोघा भावांसाठी प्रार्थना करी. नवऱ्याजवळसुद्धा तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. आता कप कचऱ्याच्या पिशवीत जाणार. भरलेला कोणता नि रिकामा कोणता, कुणाला कळणार?

हात पुसून ती शेवटच्या बाकाकडे गेली. शिवदास नव्हते आणि प्यालाही नव्हता. तिने बाकाखालीही वाकून पाहिलं. माणसाने हातात घेणंही सोडलं की काय?

परत येते तो शिवदास मोरीपाशी उभे.

"काल गोवंडीला जाऊन आलो, बाई. भावाकडे."

तिने हात पुन्हा फेसात घातले.

"जेवल्याशिवाय सोडलं नाही त्याने." त्यांनी मुठीतला प्याला पुढे केला. रिकामा होता. "इतकी वर्षं तुम्ही जास्वंदीला घालत होतात ना? खिडकीतून दिसायचं मला."

सुगंधाचे डोळे भरून आले. पुसावे तर हात फेसात. तिने तो प्याला बाकीच्यांसारखाच विसळला आणि पालथा घातला.

शिवदासांनी खुंटीवरचं फडकं काढून घेतलं आणि ते एकेक प्याला पुसू लागले.