पोटात अडकलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे. टेबलाखालच्या पिवळट पडलेल्या संगणकात, वरून दुसऱ्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. कारखान्यातून खोक्यात बसून आलो, तेव्हा सोबत एक फ्लॉपी होती. तिच्यात माझा ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हणजे माझा दुभाषा. तो संगणकात बसवला, तरच माझं बोलणं त्याला कळतं. नाहीतर मी नुसता पत्र्याचा डबा.

घरमालकांना सगळे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला आई. लेक लग्न होऊन दूर गेली, तेव्हा तिच्यासाठी ते रोज दुपारी मायक्रोफोनसमोर बसून गोष्टी वाचत. ती माहेरी आली की द्यायच्या, असा बेत होता. त्या सगळ्या गोष्टी मी एका चकतीवर उतरवल्या. "काय गुणी यंत्र आहे!" असं बाबा आल्यागेल्याला सांगत. मला कॉलर असती तर ताठ झाली असती.

मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बाबा वाचले, पण आवाज गेला. ते पाटीवर लिहून बोलू लागले.

ते इस्पितळात असताना जावई घरी राहिले होते. भारी टापटिपीचा माणूस. त्यांनी साऱ्या फ्लॉप्या, माझ्या ड्रायव्हरसकट, त्याच चकतीवर घेतल्या, फ्लॉप्या कचऱ्यात टाकल्या आणि संगणक पुसून कोरा केला. "आई, आता बघा कसा पळतो!" पळाला खरा, पण मला ओळखेना. माझा ड्रायव्हर चकतीवर, चकती माझ्या पोटात, आणि ड्रायव्हरशिवाय मला ती वाचता येईना! कपाटाची किल्ली आत ठेवून कपाट लावून घ्यावं, तसं झालं. जावयांनी कपाळाला हात लावला. चकती दुसऱ्या यंत्रांत घालून पाहिली, पण माझं अक्षर कुणालाच लागेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, याची कंपनी कधीच बुडाली. ड्रायव्हर कुठून मिळणार? भंगारात द्या."

आईंनी दिलं नाही. रोज दुपारी त्या चकती बाहेर काढत, रुमालाने पुसत आणि परत घालत. पडद्यावर तेच यायचं, उपकरण सापडले नाही. अहो, मी इथेच आहे! मी आतून घरघरायचो. अंधार, धूळ आणि पोटात एका माणसाचा आवाज. जीव गुदमरून जायचा.

खरं सांगू? माझी सुटका माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. प्रत्येक वस्तूचे कागद त्या वस्तूलाच चिकटवायचे, ही बाबांची सवय. मिक्सरची पावती मिक्सरच्या बुडाला, पंख्याचं हमीपत्र पंख्याच्या डोक्यावर. तशीच माझ्या फ्लॉपीची दुसरी प्रत त्यांनी संगणकाच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावली होती. बाबांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, झाकणावर हात ठेवून बसले आणि तसेच उठून गेले. गेलेला आवाज ऐकायची त्यांना भीती वाटत होती. मला त्यांचा राग आला, आणि कीवही.

एके दुपारी चकती पुसता पुसता आई म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला हाक कशी मारायचात, तेच मला आठवेनासं झालंय हो." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बाबा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. मग त्यांनी चारही स्क्रू सोडवले. झाकण उघडलं, फ्लॉपी निघाली. ड्रायव्हर बसवताना संगणक दोनदा अडला. तिसऱ्यांदा माझा हिरवा दिवा लागला आणि चकती गरगरू लागली. गोष्ट सुरू झाली. वाचता वाचता तो जुना आवाज मध्येच थांबून म्हणाला, "अगं ए, चहा टाकतेस का?"

"टाकते हो!" आतून आईंचं उत्तर आलं. भांडं वाजलं. रिकामं भांडं हातात घेऊन आई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाबांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, जुनं यंत्र कोरं करण्याआधी त्याच्या पोटात काय आहे, ते बघा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्यालाही एकदा विचारा. चला, चार वाजत आले. चहाची हाक आता रोज मीच देतो.