खालची पट्टी

शर्यतीला दोन तास असताना तपासनीस आमच्या गाडीखाली शिरला आणि माझा जीव टांगणीला लागला. मागच्या चाकांच्या दांड्यावर मी वेल्ड केलेली पट्टी त्याने बोटाने वाजवली.

"ही विकायच्या गाडीत असते का?"

नियम साधा होता. कंपनी दुकानात विकते तीच गाडी इथे बारा तास पळवायची, वरून काही चिकटवायचं नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला. विकायच्या गाड्यांतली पट्टी त्यांनीच बंद केली होती, एकेका गाडीमागे वीस मिनिटं जातात म्हणे!

"काढून टाकतो," ते पुटपुटले.

काढून टाकतो म्हणे! सरावात पट्टीशिवाय तो दांडा मोडला होता, आणि आज गाडी चालवणार होता माझा धाकटा भाऊ. तो असा हट्टी, की पट्टी नसती तरी निघाला असता.

"सगळ्या गाड्यांत आहे," मी म्हणाले.

साहेबांनी डोळे वटारले. मी त्यांचं ऐकलंच नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीत पट्ट्या लावत होते. लोक मागे पोरंबाळं बसवतात, त्यांचं काय?

"दाखवा," म्हणत तपासनीस प्रेक्षकांच्या पार्किंगकडे निघाला. आमच्या कंपनीच्या निळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि हा बाबा नेमका लाल गाडीपाशी थांबला.

कारखान्यात गाड्यांना लाल रंग फक्त भावाच्या लग्नाच्या आठवड्यात लागला होता. तेव्हा मी रजेवर होते आणि माझ्या जागी घुम्या होता, आमच्याकडचा दुसरा वेल्डर. दोन वर्षांपूर्वी मी चारचौघांत त्याच्या कामाला गचाळ म्हटलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो कशाला जेवण सोडून पट्ट्या लावेल?

तपासनीस मालकीणबाईंना विचारून खाली सरकला. बराच वेळ बाहेर येईना.

"आहे," तो आतून म्हणाला. "पण वेल्ड केवढं जाड!"

मी वाकून पाहिलं. अळीसारखं फुगलेलं, ओबडधोबड. घुम्याचंच! हुश्श! मी तिथेच मातीत बसले. हसू आणि रडू एकदमच आलं.

"आमच्याकडे सुरक्षा आधी," साहेब लगेच ताठ होऊन म्हणाले.

परत आले तेव्हा घुम्या आमच्या गाडीचे टायर तपासत होता.

"तुला पट्टी लावायला कोणी सांगितलं होतं रे?"

"दांडा बसवायच्या साच्यावर पट्टीच्या जागी तुझी खडूची खूण होती." त्याने मान वर केली नाही. "गचाळ झालं असेल."

"झालंय खरं," मी म्हणाले, आणि माझा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. "आधी खा. तो आख्खा आठवडा उपाशी राहिलास की रे."