हात सैल सोड

"हाताला काही लावलं नाही ना आज?" सृष्टीने विचारलं.

"नाय," कुसाबाई म्हणाल्या, आणि काळा चष्मा चढवून त्यांनी दोन्ही हात पेटीत घातले. जांभळट उजेड पेटला.

नाशिकच्या त्या दवाखान्यात सृष्टी प्रकाशोपचाराचं यंत्र सांभाळायची. हा प्रश्न ती दर खेपेला विचारायची आणि कुसाबाई दर खेपेला खरं उत्तर द्यायच्या. आज पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

कुसाबाई वणीच्या कासारीण. लग्नाआधी मुलीला हिरवा चुडा भरायचा तो त्यांनीच, असं पंचक्रोशीत ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या तळव्यांवर आणि मनगटांवर सोरायसिस उठला. लाल चट्टे, वर पांढुरकी खपली, बोटांना भेगा. तो स्पर्शाने पसरत नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. गावाला कोण सांगणार? एका डोहाळजेवणात एका बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. मग बोलावणी कमी होत गेली.

उजेडाने गुण येत होता. चट्टे फिकट झाले होते, पण सावकाश. आणि गावातल्या तेजलचं लग्न ठरलं होतं, तिचा चुडा शुक्रवारवर आला होता. या पोरीला लहानपणी पहिली बांगडी घातली ती कुसाबाईंनीच. तिच्या आईचा, विमलाबाईंचा निरोप आला होता, की हात बरे असतील तर ये, नाहीतर आम्ही दिंडोरीहून दुसरी कासारीण बोलावतो. घरात पाहुणे असतील.

तो निरोप ऐकून नवऱ्याच्या, सहादूच्या जिवाला चैन पडेना. त्याने बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून बावचीचं तेल आणलं. हे लावून उजेड घेतला की दुप्पट काम होतं, असं तो माणूस म्हणाला होता. कुसाबाईंनी ते सोमवारी चोळलं, मंगळवारी सकाळी पुन्हा चोळलं, आणि पदराला हात पुसून नाशिकची गाडी धरली.

परतीच्या एसटीत खिडकीतून ऊन हातांवर येत होतं. त्यांना ते जाणवलंही नाही. बुधवारी हात लालबुंद झाले. गुरुवारी सकाळी उठल्या तर दोन्ही तळव्यांवर पाण्याने भरलेले फोड.

सहादूने दवाखान्यात फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. कुसाबाईंनी सगळं सांगितलं. सृष्टी म्हणाली, "मावशी, बावचीने कातडी उजेडाला फार हळवी होते. मी वेळ लावला तो नेहमीच्या कातडीचा. आत्ताच्या आत्ता या."

डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या आणि उजेड बंद केला. उद्या चुडा भरायचा आहे, असं कुसाबाई सृष्टीला दोनदा म्हणाल्या.

"आधी हात भरू द्या, मावशी," ती म्हणाली.

शुक्रवारी त्या तरीही गेल्या. बांगड्यांची पेटी सहादूने उचलली होती. दारातच विमलाबाईंची नजर पट्ट्यांवर गेली. निरोप धाडला असता तर दुसरी सोय केली असती, आता ऐन वेळेला कुणाला आणू, असं त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. ओसरीवरच्या बायकांनी माना वळवल्या.

"मी हात लावणार नाय," कुसाबाई म्हणाल्या. "भाजलेत. माझ्याच चुकीनं. पण तेजलचं माप माझ्याच ध्यानात हाय, म्हणून चुडा घेऊन आले. तुम्ही भरा. मी सांगते कसा भरायचा ते."

विमलाबाईंनी बायकांकडे पाहिलं. कुणीच पुढे होईना. इतक्यात तेजल आतून आली, कुसाबाईंच्या समोर मांडी घालून बसली आणि तिने हात आईपुढे केला.

विमलाबाईंना बसावं लागलं. त्यांनी पहिली बांगडी जोरात लोटली. काच चटकन तडकली आणि तेजलच्या हातावर रक्ताचा थेंब आला.

"वाढली," कुसाबाई शांतपणे म्हणाल्या. "वाढू द्या. घाई नको. तिचा अंगठा आत घ्या, तळवा दाबा. अजून. तेजल, हात सैल सोड."

विमलाबाई दाबत राहिल्या. हाडांच्या उंचवट्यावर बांगडी अडली की कुसाबाई सांगायच्या, फिरवा; आणि पट्टीच्या आत त्यांची बोटं आपसूक वळायची, तशी कळ खांद्यापर्यंत जायची. त्या तोंडावर काही दिसू देत नव्हत्या. हळूहळू विमलाबाईंचा हात मऊ झाला. दोन्ही मनगटं हिरवी झाली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि लेकीचा हात काही त्यांना सोडवत नव्हता.

मग त्या उठल्या. कासारणीची ओटी त्यांनी भरली, पण हात न लावता, वरूनच; नारळ आणि खण कुसाबाईंच्या पदरात अलगद सोडले.

तेजल नमस्काराला वाकली. कुसाबाईंचा हात सवयीने तिच्या डोक्याकडे गेला आणि वर, हवेतच थांबला. ओसरीवरच्या बायका बघत होत्या.

तेजल वाकलेलीच राहिली.