पोट मनकर्णाचं, नाव बळीरामचं

मनकर्णाबाईच्या पोटातली रक्ताची मोठी नळी फुगली होती, आणि तिच्या दोन्ही लेकरांना ठाऊक होतं की ती नवऱ्याच्या, बळीरामच्या पोटात फुगली आहे. तसं तिनंच सांगितलं होतं. आणि तिनं सांगितलं म्हणजे झालं. इंदोऱ्यातल्या त्या घरात तिच्या शब्दापुढं दुसरा शब्द ठेवायची रीत नव्हती.

झालं असं की, जेवलं की पोट तटतटतं म्हणून ती धंतोलीत सोनोग्राफी करायला गेली. पित्ताचे खडे निघतील असं वाटलं होतं, निघालं भलतंच. अस्मिता नावाची तरणी डॉक्टरीण होती, नळ्यांची ऑपरेशनं करणारी. तिनं पेनानं चित्र काढून दाखवलं. हृदयातून निघून पोटात उतरते ती शरीरातली सगळ्यात मोठी नळी. तिला बेंबीच्या जरा वर फुगा आलेला. रुंदी पाच पूर्णांक एक दशांश सेंटिमीटर. असा फुगा बरेचदा गुपचूप बसून राहतो, आणि फुटला तर माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचू देत नाही.

"विडी, सिगारेट काही ओढता का, आजी?"

"मी?" मनकर्णाबाई अशी काही बोलली की त्या पोरीनं पुन्हा विचारलं नाही. शेजारी बसलेला बळीराम वर पंख्याकडं पाहत राहिला.

"बाईमाणसाची नळी मुळातच बारीक असते," डॉक्टरीण म्हणाली. "पुरुषाच्या मापानं थांबू नका. माझं ऐकाल तर ऑपरेशन करून टाका." त्यापुढंही ती काहीबाही सांगत होती, पण मनकर्णाबाईचं ध्यान विडीपाशीच अडकलं होतं. बळीराम मात्र मान हलवून हलवून सगळं ऐकत होता.

विडी ती ओढत होती. भिवापूरला माहेरी मायसोबत विड्या वळता वळता लागलेली सवय. पुढं लग्न होऊन खापरखेड्याला आली, नवरा पॉवर हाऊसमध्ये, आजूबाजूला साहेब लोकांच्या बायका. मग सवय लपली, सुटली नाही. लकडगंजात तिनं तिखटाचं दुकान टाकलं, तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की मिरचीच्या पोत्यांमागं जाऊन एक पेटवायची. तिथं सगळेच खोकत, तिच्या खोकल्याचं कोणाला नवल नव्हतं. आणि हीच बाई दुसऱ्याच्या तोंडात विडी दिसली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बळीरामची बंडलं तिनं मोरीत बुडवली होती. धम्मानंदच्या खिशात कॉलेजात असताना सिगारेट सापडली, तर त्याला अख्ख्या कॉलनीसमोर चपलीनं झोडपलं होतं.

तोच धम्मानंद आता इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत काम करत होता. लेक माया अमेरिकेत, ह्यूस्टनला, औषधाच्या कंपनीत. माया फोनवर आली आणि "काय म्हणाली वं डॉक्टर?" असं विचारती झाली, तेव्हा मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढं ती चप्पल आली. तोंडातून निघून गेलं, "तुह्या बाबाच्या पोटात फुगा निघाला."

बळीराम बाजूलाच लसूण सोलत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "माह्या पोटात?"

"तुमी ओढत होते ना? मंग? फुगा तो फुगा. माणसाचा काय न् बाईचा काय. पोरं काय म्हणतात ते आईकू, तसं करू."

"अवं, पण ते डॉक्टरीण म्हणत होती का बाईचं..."

"ते कालची पोरगी! तिले खाटा भरायच्या असतात. धम्मा गोऱ्या साहेबाइच्या हाताखाली काम करते. त्याले जास्त समजते."

बळीरामनं पुढची पाकळी घेतली.

रविवारी संध्याकाळी दोन्ही लेकरं फोनच्या पडद्यावर आली. बळीरामला मधल्या खोलीत दिवाणावर बसवलं होतं, अंगात इस्त्रीचा सदरा, फोटो काढायला बसवावं तसा. मनकर्णाबाई बाजूला भिंतीला टेकून. तिची कंबर कालपासून भरली होती. दुकानात मिरचीचं पोतं सरकवलं, त्यानं असेल असं तिनं ठरवून टाकलं होतं. दुखणं मात्र पोत्याच्या दुखण्यासारखं नव्हतं. ते आतून होतं, खोल, आणि कूस बदलली तरी हलत नव्हतं.

"जय भीम, बाबा," धम्मानंद म्हणाला. "मी आमच्या साहेबाले विचारलं. इथं साडेपाच झाल्याबिगर हात लावत नाही. तोवर तीन तीन महिन्यानं सोनोग्राफी करायची अन् पाहत राहायचं. लहान फुगा फुटायची भीती कमी असते, ऑपरेशनची भीती त्याच्याहून जास्त. मंग काहून कापायचं?"

"तुमच्या तिथं रांगा हायेत म्हणून थांबता तुमी," माया म्हणाली. "इकडे पाचाच्या आसपास आला का करून टाकतात. आमच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्याचं केलं. जांघेतून तार घातली, नळीत जाळी बसवली, दुसऱ्या दिवशी घरी!"

"जाळी बसवून राहिले का दुकान चालवून राहिले?"

"अन् तुमी वाट पाहून राहिले का मौतीची सोय करून राहिले? मी वाचलं दादा, इंग्लंडात फुगा फुटून मरणारे आमच्यापेक्षा जास्त निघतात."

"तू गोळ्या विकते, तू मले सांगू नको."

"तू थेटरात कात्र्या मोजते, तू मले सांगू नको!"

"कोंबड्यावानी भांडू नका," मनकर्णाबाई म्हणाली. आतून ती खूश होती. पोरगा थांबा म्हणत होता, तिलाही थांबायचंच होतं. तीन महिने म्हणजे पुष्कळ. तोवर नवी मिरची येते. "धम्मा म्हणते तेच खरं. साडेपाच होऊ दे, मंग पाहू."

तेवढ्यात कंबरेतली कळ सरकून डाव्या कुशीत आली. तिनं पदर तोंडाशी धरला आणि खोकल्याचं सोंग केलं. बळीरामनं मान वळवली.

"एक गोष्ट खरी खरी सांगा, बाबा," धम्मानंद म्हणाला. "पोटात, कंबरेत, कुठं दुखते का?"

"मले?" बळीराम म्हणाला. "मले तं काहीच नाही दुखून राहिलं."

बिचारा खरंच बोलला.

"दुखलं तं काय होते?" मनकर्णाबाईनं विचारलं. आवाज साधाच ठेवला, मिरचीचा भाव विचारावा तसा.

"दुखलं तं माप गेलं चुलीत, माय. मंग इंग्लंड काय न् अमेरिका काय, त्याच घडीले दवाखान्यात न्यायचं. दुखते म्हणजे नळी फाटायच्या बेतात असते."

"ह्यात दादाचं बरोबर हाय," माया म्हणाली. "अन् बाबाचं हाय म्हणून आपण भांडून तरी राहिलो. बाई असती तं पाचाच्या वर माह्या इथं कोणी थांबलंच नसतं."

"पुस्तकात आमच्याकडं बाईलेही साडेपाचच लिहिलं हाय," धम्मानंद म्हणाला, "पण आमचा साहेबही बाईच्या बाबतीत ऐकत नाही पुस्तकाचं. बाईचा लवकर फुटते. नशीब, मायले नाही झालं."

मनकर्णाबाईच्या कपाळावर घाम आला. भर हिवाळ्यात. पंखा बंद होता, आणि तिनं पदरानंच वारा घेतला. सांगायचं एवढंच होतं: मले दुखून राहिलं. तीन शब्द. गिऱ्हाइकाला तर ती श्वास न घेता तीनशे सुनावायची. पण त्या तीन शब्दांमागं विडी होती, विडीमागं चप्पल होती, आणि त्या पलीकडं पडद्यावर दोन तोंडं होती, जी आजवर तिच्यापुढं वर झाली नव्हती. तिनं दात आवळले.

बळीराम तिच्याकडं पाहत होता. कालपासून पाहत होता. ती रात्री कशी कूस बदलत होती, पिठाचा डबा उचलताना कशी थांबली, सगळं त्यानं पाहिलं होतं, आणि डॉक्टरणीचं शेवटपर्यंत ऐकणारा तोच एकटा होता. लग्न झाल्यापासून हा माणूस बायकोला विचारल्याशिवाय बोलला नव्हता. आता बोलला.

"दुखते," तो म्हणाला. "धम्मा, मले दुखून राहिलं गा. कंबरेत. कालपासून. आता डाव्या कुशीत आलं."

धम्मानंद पडद्याजवळ सरकला.

"आता तं नाही म्हणत होते!"

"लाज वाटत होती. आता म्हणतो."

"बाबा, आडवे व्हा. आत्ताच्या आत्ता. हलू नका, जोर लावू नका." धम्मानंदचा आवाज पालटला. "माय, एकशे आठले फोन कर. गाडी गल्लीत घुसत नाही, तू चौकात पळ अन् तिले घेऊन ये. बाबाले एक पाऊल चालू देऊ नको. धावपळीनं दाब वाढला का संपलं सगळं. पळ माय, पळ!"

बळीराम दिवाणावर आडवा झाला. झाला खरा, पण त्याच्या तोंडावर भीतीच भीती. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून तिचं दुखणं त्यानं अंगावर घेतलं, आणि आता चालायचं नाही ते त्याच्या वाट्याला आलं, पळायचं ते तिच्या. तो उठायला लागला.

"बाबा, उठू नका म्हटलं ना!" दोन्ही देशांतून एकदम ओरडा आला.

मनकर्णाबाई सवयीनं उठली. पळ म्हटलं की पळणारी बाई. एका पायात चप्पल घातली, दुसरीसाठी वाकली, आणि आतून कोणीतरी पाठीत गरम सळई घालून पिळली. दाराची चौकट हाती लागली म्हणून पडली नाही. चौकटीला धरून ती खाली बसली. उंबऱ्यावर, एका पायात चप्पल, डोक्यावरचा पदर घसरलेला.

"माय? माय कुठं गेली? माय गेली का चौकात?"

तिला चौक दिसत होता. चार घरं टाकून. तिथवर गेली तर विडीचं कोणाला कळणार नव्हतं. आणि तिथवर ती पोचणार नव्हती, हेही तिला तितकंच दिसत होतं.

"ओरडू नको रे," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा, मोठ्यानं. "त्याले काही नाही झालं. मले झालं. फुगा माह्या पोटात हाय. दुखून मले राहिलं."

"काय?"

"विड्या ओढते मी. तुह्या जन्माच्या आधीपासून. आता आईकलं? का लिहून देऊ?"

माया तोंडावर हात धरून बसली होती. मनकर्णाबाई थांबली होती ती शिवीसाठी, रडण्यासाठी, 'मंग मले काहून मारलं होतं' या प्रश्नासाठी. धम्मानंदनं नुसता श्वास घेतला.

"माय, आहे तिथंच पड. बसू नको, पड. बाबा, तुमी पळा."

आणि बळीराम पळाला. अनवाणी, इस्त्रीच्या सदऱ्यात, खिशातल्या दुसऱ्या फोनवर एकशे आठवाल्याला पत्ता सांगत. उंबऱ्यावर पडल्या पडल्या तिनं त्याला एवढ्या जोरात पळताना पहिल्यांदा पाहिलं.

धंतोलीत पोचेपर्यंत ती शुद्धीवर होती. स्कॅन झाला. डॉक्टरीण बाहेर आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मनकर्णाबाईला जास्त लागलं.

"अजून फुटला नाही, आजी. पण भिंत पातळ झाली आहे, थांबता येत नाही. जाळी घालता आली असती तर बरं होतं, पण जांघेतल्या नळ्या फार बारीक आहेत तुमच्या. इथं हाताशी आहेत त्या जाळ्यांच्या तारा त्यातून जाणार नाहीत. पोट उघडावं लागेल."

बळीरामच्या हातातल्या फोनवर दोन्ही लेकरं ऐकत होती. माया म्हणाली, "थांबा, मी इथल्या डॉक्टरले विचारते, बारीक नळीची वेगळी जाळी मिळते." धम्मानंद म्हणाला, "पोट उघडण्यात जोखीम मोठी, आधी मले त्यांच्याशी बोलू द्या."

"गप्प बसा दोघंही," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमचं आईकता आईकता इथवर आली." मग डॉक्टरणीकडं वळली. "मरीन का मी?"

"मरू शकता. नाही केलं तर नक्की."

"मंग काप बाई. अन् कापशील तं नीट काप, अर्ध्यात सोडू नको."

"हो, आजी."

"आजी नको म्हणू. मावशी म्हण."

आत नेताना बळीराम खाटेची दांडी धरून चालत होता. दारापाशी त्याला थांबवलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, तिलाही, पण दोघांनाही तसल्या बोलण्याची सवय नव्हती. "पायाले काय लागलं तुमच्या?" ती म्हणाली. "रक्त येऊन राहिलं. धुऊन घ्या." दार लागलं.

जाग आली तेव्हा घशात काटे भरल्यासारखं होतं आणि पोटावर उभा जाळ. छतावर पांढरा दिवा. बळीराम स्टुलावर, पायाला पट्टी. कुठला दिवस, तिला कळेना. धम्मानंद विमानात बसला, असं बळीराम सांगत होता. फुगलेला भाग कापला, तिथं कापडी नळी शिवली, डॉक्टरीण म्हणते बाई काटक हाय. हे सांगताना त्याची मान ताठ होती, जणू ऑपरेशन त्यानंच केलं.

त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडं माया रडत होती आणि रडत नसल्याचं दाखवत होती.

"माय? आईकू येते का? माय, दुखून राहिलं का वं?"

मनकर्णाबाईनं ओठ हलवले. पहिल्यांदा आवाज निघाला नाही. नर्स म्हणाली, बोलू नका, आराम करा. तिनं नर्सकडं असं पाहिलं की ती बाजूला झाली.

"लय दुखून राहिलं, बाई," ती म्हणाली. "लय."