दंडारीच्या पडद्याची दोरी

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नव्हे. खिडकीचे पडदे जन्मभर ऊन अडवतात आणि कुरकुरतात. मी दंडारीचा, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचा पडदा. तेलंगणातल्या वांकिडीच्या पुढे, महाराष्ट्राच्या शिवेला लागून आमचं गाव आहे. तिथे दिवाळीच्या पाडव्याला दिवेलागणीपासून दंडार रंगायची. ढोलकी, टाळ, सोंगं, गाणी आणि सगळ्यांत मोठा म्हणजे राधेचा नाच. माझी एक बाजू नाचणाऱ्यांकडे, दुसरी पाहणाऱ्यांकडे. त्यामुळे दोन्हीकडच्यांचे गुण मला जेवढे माहीत आहेत तेवढे त्यांच्या आयांनाही नसतील.

राजुऱ्याच्या बाजारातून जाड मांजरपाट आणून मला शिवलं आणि रंगवायला मंचेरियलहून भगवानराव पेंटरला बोलावलं. हा गडी लॉऱ्यांच्या मागे चित्रं काढायचा. त्यानं माझ्यावर यमुना काढली, कदंब काढला, दोन मोर काढले. यमुना कोळशासारखी काळी झाली. लोक कुरबुरले तर म्हणाला, "यमुना काली ही होती है, किताब में देखो." मोर मात्र कोंबड्यांसारखे झाले होते आणि त्यावर त्याच्याकडे कुठलीच किताब नव्हती. तरी मला पहिल्यांदा दोन बांबूंवर ताणून उभं केलं तेव्हा गाव 'वा वा' करून उठलं. मी असा फुगलो की वारा नसतानाही हललो.

आता नाचणाऱ्यांबद्दल ऐका. काही जण पायाकडे बघून नाचतात, जणू चप्पल हरवली आहे. काही जण फक्त पुढच्या रांगेतल्या पाटलांसाठी नाचतात. त्यांची मान तिकडेच अडकून बसते. काहींना वाटतं की जोरात आपटलं म्हणजे नाच झाला. धूळ उडते, राधा दिसत नाही. खरा नाचणारा पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यात ढोलकी त्याची वाट पाहते. हे शिकवून येत नाही असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. येतं, पण शिकवणाऱ्याचं मन मोठं लागतं.

आणि पाहणारे! पूर्वी ते भुईमुगाच्या शेंगा खायचे आणि टरफलं एकमेकांच्या डोक्यावर टाकायचे. माझ्या खालून डोकावणाऱ्या पोरांनी माझ्या काठाला नाकं पुसली, तेही मी सोसलं. पुढे मोबाईल आले. लोक समोरची राधा सोडून हातातल्या काचेतली राधा पाहू लागले. मला सर्वांत राग येतो तो भलत्या वेळी शिट्टी मारणाऱ्यांचा. राधा रुसलेली आहे, गाणं खालच्या सुरात आहे, आणि मागून कुणीतरी शिट्टी फुंकतो. अशा माणसाला बैल हाकायलाही ठेवू नये.

आमच्या मंडळात एक रीत होती. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. राधा गड्यानंच व्हायचं. वय झालं की त्यानं नवी राधा तयार करायची आणि मग माझी दोरी हातात घ्यायची. पाडव्याला माझ्यासमोर नारळ फुटला की जुनी राधा दोरी ओढते, मी सरकतो आणि नवी राधा लोकांना दिसते. त्याला दोरीचा मान म्हणत. एकदा नारळ फुटल्यावर ज्याच्या हाती दोरी आली, त्यानं पुन्हा राधा व्हायचं नाही. जुनी माणसं म्हणत, जो दाखवतो त्यानं दिसायचं नसतं.

पंढरीसाठी अशीच दोरी त्याच्या आधीच्या राधेनं, चंपतरावांनी, ओढली होती. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, पण दोरी त्यांनी एका दमात ओढली. आणि पंढरी! गावात त्याचं किराणा दुकान. दिवसभर तेल-मीठ तोलणारा हा माणूस लुगडं नेसून पुढे आला की बायका स्वतःचा पदर सारखा करायच्या. त्याच्याइतका लाडका मला कुणीच नव्हता. त्याची पाठ माझ्याकडे असायची, आणि पाठ पाहूनही मला कळायचं की राधा हसते आहे की रडते आहे.

वर्षं गेली. पंढरीचं पोट सुटलं, दम लागू लागला. मंडळाचे म्होरके केशवराव एके दिवशी त्याला म्हणाले, "पंढरी, आता कोणाले तरी तयार कर गा." पण गावातल्या पोरांना डीजेसमोर उड्या मारायच्या होत्या, लुगडं नेसायला कुणी तयार होईना. तेव्हा भाजीवाल्या रेणुकाबाईंची दामिनी पुढे आली. दहावी झालेली, किडकिडीत, फारसं न बोलणारी पोर. म्हणाली, "मी होतो काका राधा." दंडारीत पोरगी कशी नाचणार म्हणून गावात महिनाभर काथ्याकूट झाला. पंढरीनंच सर्वांना गप्प केलं. "राधा बाईच होती ना गा? मंग बाईनं काऊन नाचू नये?" त्या वाक्यासाठी मी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला असता.

तालमी केशवरावांच्या अंगणात व्हायच्या आणि मला तिथेच टांगलेलं असायचं. पंढरीनं तिला सगळं दिलं, खोटं कशाला बोलू? हात, मान, गिरकी, रुसवा. चुकली की ढोलकीवाल्या गोपालला थांबवून पुन्हा करायला लावायचा. "गुरूनं सांगतलं का करायचं, इचाराचं नाही," हे त्याचं पालुपद. दामिनी मान हलवायची आणि पुन्हा करायची. एका संध्याकाळी तिनं पाऊल उचललं आणि क्षणभर थांबली. गोपालची ढोलकीही थांबली. मी आनंदानं शहारलो. पंढरीकडे पाहिलं, तर तो हसत नव्हता. मला वाटलं, गुरूला भरून आलं असेल. माझं डोकं कापडाचं, दुसरं काय!

पाडवा आला. पंढरीनं राधेचं काम सोडतो म्हणून मिश्या राखल्या होत्या. त्या दिवशी तो सफाचट दाढी-मिशी करून आला. लोकांनी चिडवलं तर म्हणाला, "सणाची हजामत हाय." माझ्या मागे दामिनी हिरवं लुगडं नेसून, पायात घुंगरू बांधून तयार होती. बायकांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडून तिची दृष्ट काढली. रेणुकाबाई सारख्या तिची वेणी नीट करत होत्या. वेणी नीटच होती.

केशवरावांनी नारळ फोडला. पंढरी माझ्या दोरीपाशी उभा होता. अजून त्यानं हात लावला नव्हता. तो कंबर धरून वाकला.

"अगाई! दामिनी, दोरी जरा धर व मा. उसण भरली. आलोच मी."

दामिनीनं एकदा दोरीकडे पाहिलं. तिला रीत ठाऊक होती. पण गुरूनं सांगितलं होतं, आणि गुरूनं सांगितलं की विचारायचं नसतं, हे ती त्याच्याचकडून शिकली होती. तिनं दोरी धरली. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो.

आडोशाला गेलेला पंढरी बाहेर आला तो लुगडं नेसून, टिकली लावून. सदऱ्याखाली त्यानं आधीच चोळी घातली होती. कमरेत उसण वगैरे काही नव्हती.

रेणुकाबाई धावल्या. "काका, तुमी माह्या पोरीले फसोलं! वर्षभर शिकोलं अन् आज असं करून राह्यले?"

पंढरी आपला पदर खोचत राहिला. केशवराव मध्ये पडले. आता हे तरी न्यायानं बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "नारळ फुटला रेणुकाबाई. दोरी तिच्या हातात हाय. रीत म्हणजे रीत."

"अन् कपट करून देल्ली तं?"

"देल्ली कशी ते रीत इचारत नाही."

त्यांना सगळं समजलं होतं, मित्रांनो. पण समोर लोक बसलेले, पंढरी हुकमी एक्का, आणि पोरीच्या नाचाची त्यांना आतून धाकधूक होतीच. रीत आयती मदतीला आली. माणसाला नको ते काम टाळायचं असलं की त्याला परंपरा फार आठवते.

बाहेर गोपालनं ढोलकीवर थाप मारली. दामिनीनं दोरी ओढली. मी सरकलो. त्या दिवशी तरी मी अडकायला हवं होतं, पण कड्यांना नुकतंच तेल दिलेलं होतं.

आणि पंढरी नाचला. हे सांगताना माझं सूत सूत जळतं, पण नाचाबद्दल मी खोटं बोलणार नाही. असा तो जन्मात नाचला नव्हता. राधा रुसली तेव्हा पुढची रांग श्वास घ्यायची विसरली. त्यानं पाऊल उचलून धरलं, आणि ते थांबणं दामिनीचं होतं. तालमीत पोरीकडून उचललेलं. ज्याला मी लाडका म्हटलं, त्यानं तिची जागा घेतली आणि तिचं पाऊलही घेतलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मघाशी दृष्ट काढणाऱ्या बायकाच सर्वांत पुढे होत्या, हात वर करून, मोबाईल धरून. कडेला दोरी धरून उभ्या असलेल्या हिरव्या लुगड्यातल्या पोरीकडे एकाही मोबाईलचं तोंड वळलं नाही.

दामिनी शेवटपर्यंत उभी राहिली. गाणं संपलं तेव्हा तिनं मला हळूच, अगदी वेळेवर ओढून बंद केलं. दोरी बांबूला गुंडाळली. घुंगरू सोडून चटईवर ठेवले आणि आईचा हात धरून निघून गेली. पुढे ती नर्सिंग शिकायला मंचेरियलला गेली आणि तिथेच नोकरीला लागली.

पंढरी त्यानंतर थोडेच पाडवे नाचला. मग गुडघे गेले. नवी राधा कुणी होईना. एक पाडवा दंडारीविना गेला, मग दुसरा, आणि मग कुणी आठवणही काढेना. माझी घडी केशवरावांच्या कोठ्यात पडली. ज्यांनी मला वा वा केलं होतं त्यांनी माझ्याखाली कापूस झाकला. उंदरांनी यमुनेचा एक काठ खाल्ला. शेंगा खाणाऱ्यांना नावं ठेवत होतो, तर आता शेंगांची पोतीच माझ्या उरावर आली.

यंदा आदिलाबादहून बोलावणं आलं. मोठा कार्यक्रम आहे, तुमच्या गावची दंडार दाखवा. गाव जागं झालं. सोंगं जमली, टाळ जमले. राधेचा नाच कुणाला येत होता? पंढरीला, ज्याला भिंत धरून चालावं लागतं. आणि दामिनीला. रीतीची आठवण या वेळी कुणालाच झाली नाही.

ती दिवाळीसाठी घरी आली होती. सकाळीच तिला केशवरावांच्या अंगणात बोलावलं. मला झटकून बांबूंवर चढवलं होतं. पंढरी काठी टेकत आला आणि सर्वांसमोर त्यानं माझी दोरी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"हे पाह्य दामिनी, दोरी आता माह्या हातात हाय. त्या दिवशी मी वाईट केलं तुह्या संगं. मले राधा सोडवली नाही व मा. आता तू नाच."

माझा राग एवढ्या वर्षांत तसूभर कमी झाला नव्हता, तरी मला वाटलं, नाच गं पोरी. याच्यासाठी नको, तुझ्यासाठी नाच.

दामिनी म्हणाली, "काका, तुमी त्या दिवशी लय चांगले नाचले. मी पाहून राह्यली होती. मनात तुमच्या संगं एकेक पाऊल टाकून राह्यली होती. शेवटचं पाऊल झालं अन् मी दोरी बांधली. त्याच्यानंतर मले काहीच येत नाही."

"असं कसं येत नाही? मी शिकोलं ना तुले! गोपाल, वाजव गा."

गोपालनं राधेची तीच गवळण वाजवली. अंगणातलं एक लहान लेकरू लगेच डुलायला लागलं. केशवराव टाळ्यांनी ताल धरू लागले. मी माझ्या खालच्या काठाशी, उंदरांनी पाडलेल्या फटीतून, दामिनीच्या पायांकडे पाहत होतो. रुसवा आला, थांबायची जागा आली. गोपाल थांबला, वाट पाहत राहिला.

तिची बोटंसुद्धा हलली नाहीत. ती हट्टानं उभी नव्हती, मित्रांनो. हट्ट असता तर मी ओळखला असता. ते पाय खरोखरच विसरले होते.

"येतो काका. दवाखान्यात ड्यूटी हाय उद्या," असं म्हणून ती पंढरीच्या पाया पडली आणि गेली. पंढरी दोरी धरून तसाच उभा. ओढून दाखवायला त्याच्याकडे कुणीच उरलं नव्हतं.

मित्रांनो, म्हातारी वस्तू शेवटी 'माझी काळजी घ्या' म्हणून विनवते. मी तसं विनवणार नाही. मला ऊन दाखवा, न दाखवा. कापसावर घाला, नाहीतर पोत्याखाली घाला. पण ज्याला आपण शिकवलं, त्याची वेळ आली की वाटेतून बाजूला व्हा. आणि समोर बसून पाहणार असाल, तर टाळी वाजवण्याआधी कडेला कोण उभं आहे तेवढं बघा. मी फाटलो तर मला सुई-दोरा पुरेल. तिच्या पायांना काय लावाल?